बेडकाने शिकवलेले शरीरशास्त्र



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी किमान वेतनावर किंवा हमाल-मापाड्यांच्या प्रश्नांवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी ‘बेडूक’ हा विषय कळवला. चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. संघटनेच्या कार्यकर्त्याचे नाव आणि त्याखाली बेडूक, हे पत्रिकेवर वाचून काही मंडळी निव्वळ गंमत म्हणून आली असतील. त्यांचेही स्वागत आहे. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण वाचनालयात, एस.टी.च्या प्रवासात आणि रुग्णालयांच्या व्हरांड्यांत झाले. बेडकाशी माझा संबंध त्या व्हरांड्यांतच आला. तो कसा, हे ओघाने सांगेन.

आपल्या समाजात बेडकाला मान असा कधी मिळालाच नाही. ज्याला जग ठाऊक नाही तो कूपमंडूक. ज्याचा काम पुढे नेण्यात क्रम नाही त्याची बेडूकउडी. मृग कोरडा गेला की मात्र त्याची आठवण होते. पोरे अंगाला लिंबाचा पाला बांधतात, बेडूक काठीला बांधून दारोदार धोंडी मागतात, आणि बायका त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओततात. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक संपूर्ण सूक्त बेडकांवर आहे आणि त्यात त्यांच्या ओरडण्याची तुलना ब्राह्मणांच्या मंत्रघोषाशी केली आहे. ती थट्टा आहे की स्तुती, ह्यावर पंडितांत अजून वाद आहे. बेडकांनी त्या वादात भाग घेतलेला नाही.

पहिला दमदार पाऊस झाला की नाल्याकाठी हळदीसारखे पिवळे बेडूक दिसतात, आणि ‘हे कोणते विषारी बेडूक आले?’ म्हणून गावात चर्चा सुरू होते. ते परके नसतात, विषारीही नसतात. वर्षभर मातकट-हिरवा दिसणारा आपला मोठा बेडूकच तो. शास्त्रात त्याला होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस म्हणतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत राना टायग्रिना असे नाव सापडेल. विणीच्या थोड्या दिवसांत नर पिवळाधमक होतो आणि गळ्याखालच्या दोन निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो. मादी बहुधा गप्प असते. ती आवाज पारखते. हे बेडूक पावसाबरोबर आकाशातून पडतात असे सांगणारे लोक मला आजही भेटतात. वास्तविक उन्हाळाभर ते आपल्या पायांखालीच असतात: बांधाच्या ओलीत, विहिरीच्या कपारीत, काळ्या रानाच्या खोल भेगांत. तेथे ते हालचाल जवळजवळ थांबवून, शरीराचा खर्च अगदी कमी करून, पावसाची वाट पाहतात. दुष्काळात मराठवाड्यातला माणूस काही निराळे करतो असे नाही. फक्त त्याला ऊसतोडीला जावे लागते.

ह्याच बेडकाच्या तंगड्या एके काळी बर्फात गोठवून परदेशी जात. १९८०च्या दशकाच्या आरंभी भारतातून वर्षाला हजारो टन तंगड्या निर्यात होत होत्या. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली ह्यांनी ह्या व्यापाराविरुद्ध लिहिले. शेतातील किडे फुकट खाणारा प्राणी विकायचा आणि त्या पैशांतून किडे मारण्याचे विष विकत आणायचे, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो, असा त्या लोकांचा प्रश्न होता. १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. अब्दुलअलींच्याच नावाचा एक लहान बेडूक सह्याद्रीच्या ओढ्यांत आहे, निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी. सातारा जिल्ह्यात कोयनेजवळ हुंबरळी येथे संशोधकांनी पावसाळी रात्री जागून त्याचे वर्तन टिपले आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत आपले वरद गिरीही होते. इतर बेडकांचा नर मादीला घट्ट मिठी मारतो. ह्या जातीचा नर तिच्या पाठीवर रेत सोडून बाजूला होतो आणि ती अंडी घालते ती त्यानंतर. शिवाय ह्या जातीत मादीही आवाज देते. जगात हजारो जाती तपासूनही असा प्रकार कोणी नोंदवला नव्हता, आणि तो सापडला रस्त्याकडेच्या झाडाझुडपांत. पण हा विषय मोठा आहे. मला बेडकाच्या कातड्याकडे वळायचे आहे.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओलसर जमिनीवर तो पोट टेकून बसतो आणि पोटाखालच्या, मांड्यांजवळच्या पातळ कातड्यातून पाणी आत घेतो. फुप्फुसे असूनही श्वासाचा मोठा भाग तो कातड्यानेच घेतो, आणि म्हणूनच कातडे सदा ओले ठेवतो. म्हणजे आपल्याला जी भिंत वाटते ती त्याची चाळणी आहे. जे पाण्यात आहे ते त्याच्या रक्तात जाणार. ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवा.

आता हृदय. विल्यम हार्वेने १६२८ साली सांगितले की रक्त शरीरात फिरते. धमनीतून गेलेले रक्त शिरेत कोणत्या वाटेने येते, हे मात्र त्याला दाखवता आले नाही. ती वाट १६६१ मध्ये इटलीत मार्चेल्लो मालपीघीने पाहिली, सूक्ष्मदर्शकाखाली, बेडकाच्या फुप्फुसात. केसाहून बारीक नळ्यांचे जाळे त्याला दिसले. बेडकाचे फुप्फुस पातळ आणि पारदर्शक, म्हणूनच ते दिसू शकले.

बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे, आपल्याला चार. पण त्याचे हृदय शरीराबाहेर काढून योग्य पाण्यात ठेवले तर कित्येक तास चालते. हे ‘योग्य पाणी’ म्हणजे काय? लंडनमध्ये सिडनी रिंगर हे डॉक्टर १८८२-८३ च्या सुमारास मिठाच्या पाण्यात बेडकाचे हृदय ठेवून प्रयोग करीत होते. हृदय छान चालत होते. पुढे कळले की मिठाचे पाणी शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्यात केलेले नसून मदतनिसाने नळाच्या पाण्यात केले होते. शुद्ध पाणी वापरले तर हृदय लवकरच थांबे. नळाच्या पाण्यात चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, अंश होता, आणि तो हृदयाच्या आकुंचनाला हवाच असतो. त्यावरून रिंगर ह्यांनी क्षारांचे प्रमाण बसवले. आज आपल्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात खाटेवर जी ‘आर.एल.’ची बाटली टांगलेली दिसते, ती रिंगर्स लॅक्टेट. त्यातला ‘आर’ म्हणजे हे रिंगर. त्या मदतनिसाचे नाव बाटलीवर नाही. आमच्या क्षेत्रातल्या माणसाला असल्या गोष्टी खटकतात, म्हणून बोललो.

यानंतरचा प्रयोग मला सर्वांत मोठा वाटतो. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ओट्टो ल्यूवी नावाचे प्राध्यापक होते. मेंदूकडून हृदयाकडे एक नस येते, व्हेगस म्हणतात तिला. तिला चेतवले की हृदयाची गती मंदावते. पण नस हृदयाला हे सांगते कशी? विजेने, की आणखी कशाने? ल्यूवींना प्रयोगाची कल्पना स्वप्नात सुचली. रात्री उठून त्यांनी ती कागदावर खरडली आणि सकाळी स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच स्वप्न. ह्या वेळी ते लिहीत बसले नाहीत, उठून थेट प्रयोगशाळेत गेले. दोन बेडकांची हृदये दोन भांड्यांत. पहिल्याची नस चेतवली, हृदय मंदावले. त्याच्याभोवतीचे पाणी घेऊन नस नसलेल्या दुसऱ्या हृदयावर टाकले. तेही मंदावले! म्हणजे नसेच्या टोकाशी काहीतरी पदार्थ सुटतो आणि तो निरोप पोचवतो. १९२१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. पुढे तो पदार्थ ॲसिटिलकोलीन असल्याचे सिद्ध झाले, आणि १९३६ साली ल्यूवी व इंग्लंडचे हेन्री डेल ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझींच्या हाती गेला तेव्हा ज्यू म्हणून ल्यूवींना तुरुंगात टाकण्यात आले. पारितोषिकाचा पैसा त्यांच्या बँकेत वळता केल्यावरच देश सोडू दिला.

हे ॲसिटिलकोलीन बेडकापुरते नाही. माणसाच्या हृदयात, आतड्यात, लाळेच्या व घामाच्या ग्रंथींत, डोळ्याच्या बाहुलीत आणि हातापायांच्या स्नायूंत तेच निरोप्याचे काम करते. निरोप पोचला की शरीरातील एक विकर त्याला लगेच मोडून टाकते. जिनिंगचा भोंगा वाजतो आणि थांबतो, म्हणून पाळी कळते. तो वाजतच राहिला तर कोणी कामावर जायचे आणि कोणी घरी, हे कळणारच नाही. भोंगा थांबवणारा हात म्हणजे हे विकर.

ज्या १९३६ साली ल्यूवींना पारितोषिक मिळाले त्याच सालाच्या अखेरीस जर्मनीत गेरहार्ट श्राडर हा रसायनज्ञ किडे मारण्याचा पदार्थ शोधता शोधता टॅबून नावाच्या विषापाशी पोचला. हे विष नेमका तो भोंगा थांबवणारा हात पकडून ठेवते. टॅबून लष्कराने उचलले. त्याच कुळातील भावंडे पुढे शेतात आली: पॅराथिऑन, मॅलॅथिऑन, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस. आपण त्यांना काय म्हणतो? ‘औषध’. कापसावर औषध मारले. आणि घरात कोणी जिवाचे बरेवाईट केले तरी म्हणतो, औषध प्यायला. शब्द तोच.

आता मी व्हरांड्याकडे येतो. कापूस छातीच्या वर गेला की फवारा पानावर पडतो तसा माणसावरही पडतो. पाठीवरचा पंप गळतो, सदरा भिजतो, वरून घाम. संध्याकाळी माणूस म्हणतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, मळमळते, तोंडाला पाणी सुटते. घरचे म्हणतात, ऊन लागले. लिंबूपाणी देतात, झोपवतात. ओला सदरा अंगावर तसाच असतो! पहाटे श्वास लागतो तेव्हा जीप शोधायला निघतात. माझ्या कामात असे मजूर मी पाहिले आहेत. एका मालकाने मला सांगितले होते, ‘तोंडाला फडके दिले होते की त्याला.’ त्या मालकाला खरोखर वाटत होते की विष फक्त तोंडानेच जाते. मजुरालाही तसेच वाटत होते. ह्या दोघांनाही बेडकाचे कातडे कोणी समजावून सांगितले नव्हते. माणसाचे कातडे बेडकाइतके पातळ नाही, हे खरे. पण ह्या विषांना ते अडवू शकत नाही, आणि घामाने भिजलेले कापड अंगाला चिकटले की विष तासन् तास आत जात राहते.

जिल्ह्याच्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरने माझ्यासमोर रोग्याची पापणी वर केली आणि म्हणाला, बाहुली बघा, टाचणीच्या टोकाएवढी झाली आहे. उन्हाने असे होत नाही. लाळ, घाम, अश्रू, उलटी, स्नायूंची फडफड, मंदावलेली नाडी: सगळीकडचे भोंगे एकदम चालू. उतारा ॲट्रोपीनचा. तो त्या निरोप्याचे दार बंद करतो. आपल्या उकिरड्यावरच्या धोतऱ्यात त्याच कुळातली द्रव्ये असतात. म्हणून कोणी धोतरा देऊ नये, बरे का; त्याचे प्रमाण हाताला कळत नाही आणि माणूस त्यानेच जातो. मला त्या दिवशी प्रश्न पडला की बाहुली, लाळ आणि नाडी ह्यांचा संबंध कोणी जोडला? उत्तर शोधत मी वाचनालयात गेलो आणि ल्यूवींच्या दोन बेडकांपाशी पोचलो.

२०१७ च्या पावसाळ्याअखेर पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो रुग्णालयात आले. त्या साली कापूस माणसाच्या उंचीचा झाला होता, अळीचा जोर होता, आणि निरनिराळी विषे एकत्र कालवून मारली जात होती. सगळीच ह्या एका कुळातली नव्हती, त्यामुळे एकच उतारा सर्वांना लागू पडेना. सरकारने चौकशी नेमली. मरणारे बहुतेक दुसऱ्याच्या रानात रोजाने गेलेले किंवा लहान शेतकरी होते. आपल्या जिल्ह्यातही कापूस आहे, सेलू-मानवतच्या बाजारपेठा त्यावर उभ्या आहेत, आणि पंपही तेच आहेत.

पण धोक्याची खूण त्याआधी कोठे दिसली होती काय? दिसली होती, आणि पुण्यात दिसली होती. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात लीला मुल्हेरकर ह्यांनी भ्रूणाच्या वाढीचा अभ्यास रुजवला. एडिंबरोला वॉडिंग्टनसारख्या थोर शास्त्रज्ञाकडे शिकून त्या परतल्या होत्या. त्यांच्या परंपरेतल्या संशोधकांनी एक अगदी लहान, अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक हाताशी घेतला. त्या काळच्या लेखनात त्याचे नाव मायक्रोहायला ऑर्नाटा. निवड हुशारीची होती. हा बेडूक पहिल्या पावसानंतर साध्या डबक्यात अंडी घालतो. ती पाण्यावर साईसारखी एका थरात तरंगतात, त्यामुळे गोळा करायला सोपी. वाढ झपाट्याने होते. आणि त्याचे पिल्लू, ज्याला आपण बेडूकमासा म्हणतो, इतके पारदर्शक असते की आतड्याचे वेटोळे आणि हृदयाचे ठोके बाहेरून दिसतात. खर्चिक उपकरणे नकोत. काचेची वाटी, सूक्ष्मदर्शक आणि जागी माणसे पुरेत.

बेडूकमाशाचा बेडूक होणे हा सृष्टीतला एक विलक्षण कारभार आहे. शेपूट गळून पडत नाही, शरीर ती आतल्या आत जिरवते आणि तिचा माल दुसरीकडे वापरते. कल्ले जातात, फुप्फुसे येतात. शेवाळ खाणारे लांब आतडे किडे खाण्यासाठी आखूड होते. हे सारे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या रसाने घडते. १९१२ साली गुडरनाच नावाच्या संशोधकाने बेडूकमाशांना थायरॉइडचे तुकडे खाऊ घातले, तेव्हा ते वेळेआधीच माशीएवढे बेडूक झाले. इतका नाजूक मेळ असल्यामुळे पाण्यात थोडे विष आले तरी तो बिघडतो.

१९८३ मध्ये पवार, घाटे आणि काटदरे ह्यांनी मॅलॅथिऑनचा ह्या बेडकाच्या भ्रूणावर होणारा परिणाम प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर पवार व काटदरे ह्यांनी दुसऱ्या कीटकनाशकांचाही तपास केला. ह्या कुळातल्या विषात वाढलेल्या भ्रूणांत वाढ खुंटणे, शेपूट व अंग वाकणे, अंगात पाणी साचणे असे प्रकार जगभरच्या अभ्यासांत दिसतात. हे काम पुण्याच्या प्रयोगशाळेत झाले आणि इंग्रजी नियतकालिकांत छापले गेले. ज्या मजुराच्या पाठीवर तेच मॅलॅथिऑन गळत होते त्याच्यापर्यंत ते पोचण्याची कोणतीही सोय आपण केलेली नाही. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, तालुक्याला कृषी अधिकारी आहेत, गावोगाव औषधाची दुकाने आहेत. डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा रंगाचा त्रिकोण असतो आणि लाल म्हणजे सर्वांत जहाल. किती फवारणीवाल्यांना हे ठाऊक आहे? मी विचारत असतो. बहुतेक वेळा उत्तर मिळते की लाल म्हणजे ‘चांगले कडक’ औषध.

मला कोणी म्हणेल, बेडूक मेले तर मरोत, माणसाचे बघा. मी माणसाचेच बघतो आहे. ज्या डबक्यात पंप धुतला जातो त्यातला बेडूकमासा आणि त्या पंपाखालचा माणूस एकाच विषाने, एकाच विकरावर, एकाच रीतीने घायाळ होतात. फरक इतकाच की बेडूकमासा आधी वाकडा होतो आणि उघड्या डोळ्यांनी दिसतो. त्याला विनामूल्य निरीक्षक समजा. पगारी निरीक्षक आमच्या गावांत क्वचितच येतात.

संघटनेने गेल्या दोन हंगामांत काही गावांत साधी गोष्ट सुरू केली. पंप ओढ्यात किंवा शेततळ्यात धुवायचा नाही. धुण्याचे पाणी त्याच रानात फवारून टाकायचे. फवारणीनंतर सदरा लगेच काढायचा आणि साबणाने अंग धुवायचे. त्रास वाटला तर घरी झोपायचे नाही. दवाखान्यात जाताना डबा बरोबर न्यायचा, म्हणजे डॉक्टरला विषाचे कूळ कळते. ॲट्रोपीन प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे की नाही हे हंगामाआधी जाऊन विचारायचे, हंगामात नाही. मालकांची कुरकुर थोडी झाली. सदऱ्याला आणि साबणाला पैसे कोणी द्यायचे, ह्यावर वाटाघाटी चालू आहेत.

आणि आमची पोरे डबकी बघतात. मृगाचा पाऊस झाला की दुसऱ्या सकाळी पाण्यावर सायीसारखा थर दिसतो, त्यात खसखशीएवढे काळे ठिपके असतात. तीच त्या लहान बेडकाची अंडी. दोन-तीन दिवसांनी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उन्हाकडे धरायचे आणि आतले जीव सरळ पोहतात की गोल गोल फिरतात ते पाहायचे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पाऊस पडल्यावर निरोप द्यावा. गाडीभाडे स्वतःचे, भाकरी आमच्याकडे.